पूररेषा आखणाऱ्याचं काम नेमकं काय असतं?

तुमचा प्रश्न असा: सिव्हिलची पदवी आहे, सहा वर्षं बिल्डरकडे साइटवर काढली आहेत, आता नदी आणि हवामान बदलाच्या कन्सल्टन्सीत जायचा विचार आहे. तिथे खरंच काही काम असतं, की नुसते अहवाल छापायचे असतात?

अहवाल छापायचे असतातच, ते आधीच कबूल करतो. पाचशे पानं, वर तीन पुरवण्या, सहा रंगीत प्रती आणि वाचणारा एखादा. पण त्या पाचशे पानांत एक आकडा असतो आणि सगळं भांडण त्यावरून असतं: या ठिकाणी नदीला किती क्युसेक पाणी येईल असं धरायचं? तो ठरला की पूररेषा ठरते, पुलाची उंची ठरते, कुणाच्या प्लॉटला परवानगी मिळणार आणि कुणाच्या नाही हेही ठरतं. आमचं काम म्हणजे तो आकडा काढायचा आणि काढल्यावर कुणाला तो हलवू द्यायचा नाही. यातलं दुसरं कॉलेजात शिकवत नाहीत.

मी सांगलीच्या गावभागातला. आमच्याकडे पावसाळ्यात भेटल्यावर लोक ‘कसं काय’ विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. 1929 सालच्या त्या पुलापाशी पाणी फुटांत मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. शिवाय प्रत्येक घराचा आपला आपला आकडा असतो. सूर्यवंशी प्लॉटातली माणसं चाळिशीच्या आसपास गाठोडी बांधायला लागतात, पेठेतला दुकानदार अजून दोन दिवस निवांत असतो. 2005 साली पाणी 53 च्या पुढे गेलं तेव्हा आजोबांनी माजघराच्या खांबावर खिळ्याने रेघ मारली आणि ‘असा पूर पुन्हा आपण बघत नाही’ असं सांगून टाकलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. 2021 च्या जुलैत पुन्हा 55 च्या आसपास. खांबावर आता तीन रेघा आहेत, आजोबांची सगळ्यांत खाली.

आता हे कागदावर कसं उतरतं ते बघा. महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळी ते लाल नियंत्रित. ‘25 वर्षांतून एकदा’ याचा लोक सरळ अर्थ घेतात: परवा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं सुट्टी. अर्थ तसा नाही. दर वर्षी 4 टक्के शक्यता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. नदीला मागचं आठवत नाही. तुम्ही निळ्या रेषेवर वीस वर्षांच्या कर्जाने फ्लॅट घेतलात, तर हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता 56 टक्के निघते. लाल रेषेवर घेतलात तर 18. हे गणित कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं, पण बिल्डरच्या माहितीपत्रकात ते छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही सहा वर्षं तिथेच होतात, तुम्ही पाहिलं असेल तर सांगा.

आणि ही 4 टक्केसुद्धा कुठून येतात? मागच्या तीस-चाळीस-पन्नास वर्षांच्या मोजणीतून. मागे जसा पाऊस पडला तसाच पुढेही पडेल हे त्यात धरलेलं असतं. हवामान बदलाने नेमकं तेच मोडलं आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात मोठ्या प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे जुन्या नोंदींवरून काढलेली रेषा आखतानाच थोडी शिळी असते. ‘अनुकूलन’ वगैरे शब्द टेंडरात येतात. कामाच्या टेबलावर त्याचा अर्थ एवढाच, की जुन्या नोंदींतून निघालेल्या आकड्यावर किती चढवायचं आणि का.

पण इथेच एक सापळा आहे. हवामान बदल हे फार सोयीचं कारण आहे. काहीही बुडालं की तिकडे बोट दाखवता येतं. नदीत किती पाणी आलं हा एक प्रश्न, तेवढंच पाणी किती फुटांवर उभं राहिलं हा दुसरा. सांगलीपासून खाली कृष्णेला उतार अगदी कमी. शहराला लागूनच खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पाणी पळत नाही, चढतं. अशा ठिकाणी रस्त्याला भराव घालून मोऱ्या दोनच ठेवल्या, शहरातले जुने ओत, म्हणजे पुराचं पाणी वाहून नेणारे सखल ओघ, बुजवून प्लॉट पाडले, तर तेवढ्याच क्युसेकला पट्टीवरचा आकडा वर जातो. त्याला पावसाचा दोष नाही. चांगल्या अहवालात हे दोन हिशेब वेगळे मांडलेले असतात: आभाळाचा किती, आपला किती. क्लायंटला दुसरा हिशेब नको असतो.

एक उदाहरण देतो, गावाचं नाव सांगत नाही. एका लहान शहराच्या नदीकाठाचं काम होतं. पादचारी मार्ग, हिरवळ, घाट, दिवे. आम्ही आडवे छेद घेतले, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत पात्राची उंची-खोली मोजली, आणि संगणकात नदी उभी केली. त्यात मॅनिंगचा ‘एन’ म्हणून एक आकडा भरावा लागतो, पात्र किती खडबडीत आहे त्याचा. स्वच्छ पात्राला 0.03 च्या आसपास, झुडपांनी गच्च भरलेल्या काठाला 0.1 पर्यंत. काठ बाभळींनी भरलेला होता, आम्ही तसा आकडा भरला. बैठकीत एक साहेब म्हणाले, “पण सुशोभीकरणानंतर झुडपं असणारच नाहीत ना? मग तीनच धरा.” म्हणजे शून्य पूर्णांक शून्य तीन. धरून दाखवलं. पाणी दोन फुटांनी खाली आलं, निळी रेषा सरकली आणि एक अख्खा भूखंड निषिद्ध पट्ट्यातून बाहेर. साहेबांचा चेहरा उजळला. खोटं कुणी काहीच बोललं नव्हतं, बरं का.

मग आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो. त्या काठाच्या एकवीस घरांत जाऊन मागच्या पुराच्या खुणा मोजल्या. हे काम तुम्ही एकदा तरी केलंच पाहिजे. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र, स्टाफ म्हणजे आकडे लिहिलेली काठी, एक वही आणि भरपूर चहा. एका आजींनी भिंतीला नवा पिवळा रंग दिला होता, पण देव्हाऱ्याखाली पुराच्या खुणेची बोटभर पट्टी तशीच ठेवली होती. रंगाऱ्याने तिथेही ब्रश फिरवला तेव्हा म्हणे त्याच्याकडून तो रंग पुसून घेतला. “पुढच्या वेळी सामान किती वर ठेवायचं ते कळायला नको का, बाळा?” खुणा एकमेकींशी जुळत नाहीत, हेही सांगून ठेवतो. कुणी ओल चढलेली मोजतो, कुणी पाणी प्रत्यक्ष होतं तिथली. दोन खुणांत तर फूटभराचा फरक निघाला; नंतर कळलं, एका घराची फरशी मधल्या काळात उचलली होती. पण एकवीसपैकी सोळा खुणा एका पातळीत बसल्या आणि ती पातळी 0.03 वाल्या उत्तराच्या बरीच वर होती. संगणक आजींच्या भिंतीशी जुळेना, तेव्हा संगणक बदलावा लागला. आम्ही दोन्ही निकाल अहवालात घातले आणि कोणता का वापरावा तेही लिहिलं. ते पान मुख्य अहवालातून उचलून परिशिष्टात टाकण्यात आलं. पण राहिलं. पुढे एका रहिवाशाने माहिती अधिकारात प्रत मागवली, आणि त्याला पहिल्यांदा दाखवायला मिळालं ते तेच पान.

तुम्ही विचाराल, क्लायंटच पैसे देणार आणि त्यालाच नको ते सांगायचं, हे जमतं कसं? कधी जमत नाही. पर्यावरणीय परवानगीसाठीच्या अहवालांतही हीच गाठ आहे. प्रकल्पाचा परिणाम तपासणाऱ्या सल्लागाराची फी प्रकल्पवालाच देतो. त्यासाठी नॅबेट या मानांकन मंडळाची मान्यता लागते, विषयवार तज्ज्ञ लागतात, तेवढी चाळणी आहे. पण चेकवर सही कुणाची, हा प्रश्न चाळणीच्या खालीच राहतो. माझे दोन क्लायंट असेच गेले. बाकीचे टिकले, कारण कोर्टात उभं राहायची वेळ आली की पटणारा कागद त्यांनाही लागतो.

लग्नाकार्यात नदीचं काम करतो असं सांगितलं की सांगलीत पुढचा प्रश्न ठरलेला: अलमट्टीचं, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणाचं, काय? 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचं खापर अलमट्टीच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे तुंबणाऱ्या पाण्यावर, फोडलं नाही. ते अनेकांना पटलं नाही, आणि धरणाची पातळी 519.6 वरून 524.256 मीटरवर नेण्याची कर्नाटकाची इच्छा आहे तोवर पटणारही नाही. मला विचाराल तर नवी उंची नक्की तपासावी, पण अलमट्टीच्या नावाखाली शहरातले बुजवलेले ओत विसरले जातात याचं मला जास्त वाईट वाटतं.

परदेशी उदाहरणंही तुमच्या वाचनात येतील. नेदरलँड्समध्ये 1995 ला अडीच लाख माणसं हलवावी लागली, त्यानंतर त्यांनी ‘नदीला जागा द्या’ असा कार्यक्रमच घेतला. नायमेखेनजवळ बांध 350 मीटर मागे सरकवला, पन्नासएक घरं हलवली आणि नदीला दुसरा फाटा खोदून दिला. ही स्लाइड प्रत्येक सादरीकरणात असते. आपल्याकडे मात्र मळीची, म्हणजे नदीकाठची गाळाची, जमीन पाण्याच्या कडेपर्यंत कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते आणि तिच्यावर ऊस उभा असतो. मोबदल्याचा हिशेब नसलेली ती स्लाइड मला बघवत नाही.

त्यापेक्षा नरसोबाच्या वाडीला जाऊन या. पाणी देवळात शिरणार हे तिथे धरूनच चालतात. ते चढू लागलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, आणि पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, लोक स्नानाला गर्दी करतात. टेंडरात ज्याला अनुकूलन म्हणतात ते इथे नित्यनेमात आहे.

तुमच्यापुरतं बोलायचं तर साइटवरची सहा वर्षं वाया गेलेली नाहीत. भराव कुठला नवा, कुठला जुना, हे तुम्हाला मातीकडे बघून कळेल. पीएचडीवाल्याला कळेलच असं नाही. संगणकात नदी उभी करायचं हेक-रास फुकट मिळतं, नकाशांचं क्यूजीआयएसही. दोन-तीन महिन्यांत हात बसतो. सांख्यिकी मात्र मन लावून करा. पुण्यात बसून हे काम जमेल का, असंही तुम्ही विचारलंय. बरंचसं जमतं. पण मुलाखतीला येण्याआधी एप्रिल-मेमध्ये, पाणी कमी असताना, कुठलाही एक पूल धरा आणि त्याच्या वर-खाली दोन-दोन किलोमीटर पात्रातून चाला. छेद घ्या, खुणा विचारा, संगणकात घाला आणि जे चुकेल ते घेऊन या. सर्टिफिकेटं घरी ठेवलीत तरी चालतील. बूट जाड तळाचे घाला. काठाला बाभळीचे काटे आणि बाटल्यांच्या काचा, दोन्ही भरपूर. आणि भिलवडी-औदुंबरच्या अंगाला जाणार असाल तर पाण्यात पाय घालण्याआधी गावात मगरींची चौकशी करा.