कमोड पुन्हा पुन्हा तुंबतं तेव्हा आधी फरशीखाली बघा

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. मानेवाड्याकडे तळमजल्याचं घर, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षांपूर्वी इंडियन सीट काढून कमोड बसवलं, आणि तेव्हापासून दर पंधरा-वीस दिवसांनी ते तुंबतं. प्लंबर येतो, स्प्रिंग (पाइपात सरकवायची लांब लवचीक तार) फिरवतो, ॲसिड ओततो आणि "काहीतरी टाकत असाल" म्हणून जातो. आता घरात सासूबाईंकडे बोट दाखवणं सुरू झालंय.

ते बोट दाखवणं आजच थांबवा. मी नागपुरात २६ वर्षं हेच काम करतोय. डायपर, पॅड, कापडाचा बोळा अडकला तर कमोड तुंबतं, तो काढला की सुटतं आणि पुढे वर्षभर त्रास नसतो. पण ठरावीक दिवसांनी, तेही सीट बदलल्यापासून तुंबत असेल तर दोष कामात आहे. हुडकेश्वरच्या एका घरात असंच चाललं होतं. तिथल्या आजींनी दिवसा पाणी पिणं जवळजवळ सोडलं होतं, आपल्यामुळे पुन्हा तुंबेल आणि बोलणी बसतील या धास्तीने. मे महिन्याचं ऊन, आणि सत्तरीच्या बाईने घोटभर पाण्यावर दिवस काढायचा! फरशी फोडली तेव्हा दोष मिस्त्रीच्या कामात निघाला. ते घर मी विसरू शकलेलो नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझा पहिला संशय सांगतो: जुना ट्रॅप, म्हणजे वास वर येऊ नये म्हणून ज्यात पाणी उभं राहतं तो वाकडा पाइप, खालीच राहिला असावा. इंडियन सीटच्या भांड्याला स्वतःचा ट्रॅप नसतो. तो वेगळा, फरशीखाली बसवलेला असतो. कमोडचा ट्रॅप मात्र भांड्यातच घडवलेला असतो. त्यामुळे सीट काढून कमोड बसवताना खालचा ट्रॅप काढायलाच हवा. तो काढायला फोडाफोड जास्त होते, म्हणून काही मिस्त्री त्याच्याच तोंडावर कमोड बसवून पांढऱ्या सिमेंटने सांधा बुजवतात. मग एकामागे एक दोन ट्रॅप होतात. दोन्हीत पाणी उभं असतं आणि मधल्या पाइपात हवा कोंडते. फ्लश केला की पाणी त्या हवेवर आदळतं, त्याचा जोर तिथेच मरतो, आणि मैला दुसऱ्या ट्रॅपपर्यंत कसाबसा पोचून तिथे बसतो. रोज थोडा थोडा थर साचतो. स्प्रिंग त्या थराला फक्त एक भोक पाडते. पाणी जायला लागतं, प्लंबर निघून जातो, आणि पंधरा दिवसांत ते भोक पुन्हा बुजतं.

याची खूण अशी: फ्लश केल्यावर पाणी आधी भांड्यात वर चढतं, क्षणभर थांबतं, मग गुडगुड आवाज करत एकदम खाली जातं, आणि मागून एखादा मोठा बुडबुडा वर येतो. तुमच्याकडे कमोड मोकळं असतानाही असं होतं का, ते बघा.

खात्री करायची तर कमोड उचलावं लागतं. तासाभराचं काम आहे. तळाचे स्क्रू काढायचे, सांधा हळूच सोडवायचा, भांडं बाजूला ठेवायचं आणि टॉर्च मारून पाइपात बघायचं. खाली कोरडा पाइप दिसायला हवा. तिथे पाणी साचून उभं दिसलं तर तो जुना ट्रॅप आहे, असं धरून चालायला हरकत नाही. हे बघताना स्वतः तिथे उभ्या राहा, फोनवर फोटो काढा. याच वेळी पाइपाच्या तोंडाशी सिमेंटचा गोळा किंवा टाइलचा तुकडा अडकलाय का, तेही दिसेल. नूतनीकरणाच्या वेळी पाइपाचं तोंड झाकून ठेवलं नाही तर सिमेंट-वाळूचा मसाला आत पडतो आणि तिथेच दगड होऊन बसतो. त्याच्या खडबडीत कडेला पुढे सगळं अडकतं.

पण कमोड उचलण्याआधी एक फुकटची चाचणी करा. पुढच्या वेळी तुंबलं की प्लंबरला बोलावण्यापूर्वी बाहेरच्या पहिल्या चेंबरचं झाकण उघडा आणि वास निघून जाईपर्यंत बाजूला उभ्या राहा. चेंबर रिकामं असेल तर अडथळा कमोड आणि चेंबरच्या मध्ये आहे. चेंबर भरलेलं असेल तर घरातली तोडफोड करूच नका. अडथळा त्याच्या पुढे, आवारातल्या लाइनीत किंवा रस्त्यावरच्या गडर लाइनीत (मैला-सांडपाण्याच्या मोठ्या पाइपात) आहे. रस्त्याची लाइन तुंबली असेल तर ते मनपाचं काम, झोन कार्यालयात तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. फक्त पावसाळ्यातच तुंबत असेल तरी मी आधी बाहेरच बघेन. गच्चीचं पाणी गडर लाइनीत सोडलेलं असतं, तुमच्या गल्लीतही चार घरांनी सोडलेलं असेल. मोठा पाऊस आला की ती लाइन भरते आणि पाणी उलटं घरात शिरतं.

चेंबर रिकामं आणि जुना ट्रॅपही नाही, असं निघालं तर पाइपाचा ढाळ, म्हणजे उतार, तपासा. ४ इंची पाइपाला ४० फुटांत १ फूट, म्हणजे १० फुटांच्या लांबीत ३ इंच ढाळ हवा. आपल्याकडे यात काळ्या मातीची भर पडते. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाइप थेट तिच्यावर टाकलेला असेल तर काही वर्षांत मध्येच झोळ पडतो किंवा सांधा सुटतो, आणि सुटलेल्या सांध्यातून झाडाची मुळं आत शिरतात. जवळ पिंपळ किंवा उंबर असेल तर तो संशय पक्का धरा. अशा जागी खोदून काळी माती काढायची, मुरूम भरून चांगला ठोकायचा आणि मग पाइप टाकायचा. नुसता पाइप बदलला तर पुन्हा तेच होईल.

व्हेंट पाइप, म्हणजे लाइनीतली हवा वर सोडणारा उभा पाइप, गच्चीवर जाऊन एकदा बघून घ्या; तो बंद असेल तरी हवा कोंडते. त्याच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं असतं, नाहीतर कुणीतरी वास येतो म्हणून टोपी घट्ट बसवलेली असते.

तुमच्या लेआउटमध्ये गडर लाइन नसून सेप्टिक टँक असेल तर तो शेवटचा कधी उपसला ते आठवा. साधारण दोन-तीन वर्षांनी उपसायलाच हवा, आणि तोही सक्शन गाडीने. कोणी "आत उतरून साफ करतो" म्हणाला तर काहीही झालं तरी उतरू देऊ नका. आतल्या वायूने माणूस एका श्वासात खाली पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने हे काम करून घेणं गुन्हा आहे.

ॲसिडबद्दल कळकळीने सांगतो. बोअरच्या जड पाण्याने भांड्यावर बसलेला पांढरा-पिवळा थर ॲसिडने निघतो, तेवढ्यापुरतं ते ठीक. बसलेला मैला आणि कापड त्याने विरघळत नाही. तुंबलेल्या भांड्यात ॲसिड किंवा कॉस्टिकचे दाणे टाकून वर रबरी पंप मारला तर ते पाणी डोळ्यात उडतं. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर कधीच टाकू नका, बंद संडासात क्लोरीन वायू होतो. सेप्टिक टँक असेल तर त्यातले मैला कुजवणारे जंतूही यानेच मरतात.

ट्रॅप काढायचं ठरलं की मिस्त्रीला कामाआधीच सांगा: ट्रॅप पूर्ण काढायचा, त्या जागी मोठ्या वळणाचा बेंड टाकायचा, आणि शक्य असेल तिथे डोअर बेंड, म्हणजे पुढे कधी अडकलं तर झाकण उघडून साफ करता येईल. फोडलेल्या जागी वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय टाइल लावू द्यायची नाही. सिमेंट धरेपर्यंत दोन दिवस वापर बंद. या दोन दिवसांची सोय आधी करा, विशेषतः सासूबाईंची. शेजारी किंवा नातेवाइकांकडे तळमजल्यावरचं कमोड असेल तर आजच विचारून ठेवा.

काम होईपर्यंत फ्लशचं छोटं बटण वापरूच नका. प्रत्येक वेळी पूर्ण फ्लश, आणि रात्री झोपण्याआधी एक भरलेली बादली भांड्यात एकदम ओता, बारीक धारेने नको. याने दोष जाणार नाही, पण पंधरा दिवसांचे पंचवीस होतील आणि तुम्हाला घाईत मिस्त्री शोधावा लागणार नाही. चेंबर रिकामं होतं की भरलेलं, ते कळवा. सासूबाईंनाही सांगा की पोटभर पाणी प्या, कमोडची काळजी आम्ही करतोय.