रंग बदलण्याआधी मणी तोलून पाहा

भाऊ, तुम्ही मे महिन्यात हिमाचलातल्या तीर्थन नदीवर गेलात, चार दिवस मण्यांच्या निम्फ (गळावर दोरा-पिसं गुंडाळून केलेली बुडती फ्लाय, म्हणजे नकली किडा; वजनासाठी पुढे मणी) टाकल्या, एकाही ट्राउटने तोंड लावलं नाही, आणि आता पुढच्या खेपेसाठी कोणते रंग मागवू असं विचारताय. नागपूरहून दिल्ली, तिथून रात्रीची बस, पहाटे औटला उतरून बंजारची गाडी, आणि एवढं करून रिकाम्या हाताने परत. मी हे दोनदा केलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

कास्टिंग, गाठी, परवाना हे तुम्हाला जमतं असं धरून चालतो. मी काही गाईड नाही. माझा अनुभव तीर्थन आणि बरोटची ऊहल नदी एवढाच. काश्मीरचं पाणी मी पाहिलेलं नाही.

माझ्या मते तुमचा रंग चुकलेला नाही. प्रिन्स काय, कॉपर जॉन काय, ह्या निम्फ कुठल्या एका किड्याची नक्कल नाहीतच. चमक दिसावी, खाण्यासारखं काहीतरी वाहत आलंय असं वाटावं, एवढंच त्यांचं काम. पण ते माशाच्या तोंडासमोरून जायला हवं ना. ट्राउट तळाशी, दगडाच्या आडोशाला, प्रवाह मंद असतो तिथे थांबतो. मे महिन्यात बर्फाचं पाणी उतरतं, नदी गढूळ आणि जोरात असते. अशा धारेत तो जागा सोडून दोन फूट वर येत नाही.

हे मला कळलं ते दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबरात. पाणी काचेसारखं होतं. गुशैणीच्या वरच्या अंगाला एका मोठ्या दगडामागे चांगला हातभर ब्राउन ट्राउट मला स्पष्ट दिसत होता. शेपूट हळूहळू हलत होती, मधूनच तोंड उघडून तो काहीतरी टिपत होता. मी वीसेक वेळा फ्लाय टाकली असेल. दर वेळी सोनेरी मणी त्याच्या डोक्याच्या फूटभर वरून निघून जायचा आणि मासा ढिम्म. पण माझ्या मण्यांच्या पाकिटावर तर ‘टंगस्टन’ लिहिलेलं होतं, तेही 3.3 मिमी. मग बुडत का नाही?

परत आल्यावर उरलेल्यांतले 20 मणी घेऊन इतवारीच्या सराफ्यात ओळखीच्या दुकानी गेलो. त्यांनी काट्यावर ठेवले. 2.2 ग्रॅम. मणी बोटांत फिरवून म्हणाले, “टंगस्टन असतं तर मले हातातच समजलं असतं भाऊ. सोन्याच्या वजनाचं असते ते. बिस्किटात तेच भरून फसवतात लोकं. हे तर पितळ होय.” सोन्याची आणि टंगस्टनची घनता जवळपास सारखीच, 19.3 च्या आसपास. पितळाची 8.5. म्हणजे मी दोन मोसम निम्म्याहून कमी वजनाच्या फ्लाय टाकत होतो आणि दोष रंगाला देत होतो. लाल घे, जांभळी घे, मोरपिसाची घे, करत करत डबा भरला.

दुकानाचं नाव घेत नाही. पण त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आठवला की अजून डोकं तापतं. पाकीट फोडलं म्हणून परत घेणार नाही. अहो, फोडल्याशिवाय मणी तोलणार कसा? वजनाचा फोटो पाठवला तर म्हणे आमच्याकडे अशी तक्रार आजवर आली नाही. पाच ईमेल झाले, मग उत्तरच बंद. पैसे थोडेच होते, पण दोन खेपांची रजा आणि भाडं कोण भरून देणार? पुढे दुसरीकडून मणी घेतले, त्याच मापाचे 20 मणी 4.6 ग्रॅम भरले. माल हातात आल्याबरोबर तोला, महिनाभराने नाही.

मणी खरे निघाले तर पुढचा संशय टिपेटवर, म्हणजे फ्लाय बांधायच्या शेवटच्या बारीक दोऱ्यावर घ्या. जाड दोरा पाण्याचा रेटा जास्त खातो आणि फ्लायला वर धरून ठेवतो. मी जाड 3एक्स सोडून बारीक 5एक्स घेतला (एक्सचा आकडा वाढतो तसा दोरा बारीक), 0.15 मिमीचा, तोही फ्लुरोकार्बनचा, कारण तो नायलॉनपेक्षा जड असतो. इंडिकेटरपासून (दोऱ्यावरचा तरंगता खुणेचा गोळा) फ्लायपर्यंतचं अंतर पाण्याच्या खोलीच्या दीडपट ठेवा. आणि मासा आहे तिथे टाकू नका, प्रवाहाच्या वरच्या अंगाला चांगलं लांब टाका, बुडायला वेळ मिळाला पाहिजे.

फ्लाय तळाला पोचली की नाही हे ओळखायची माझी खूण सांगतो. इंडिकेटर शेजारच्या फेसाच्या वेगानेच वाहत असेल तर फ्लाय अजून वरच आहे. फेस पुढे जाऊन इंडिकेटर मागे रेंगाळायला लागला की ती तळाच्या संथ पाण्यात उतरली. मधूनमधून दगडाला अडकली पाहिजे. दिवसभरात एकही फ्लाय तुटली नाही तर तुम्ही उथळच खेळताय, असं मी तरी समजतो.

तिसऱ्या खेपेला जुनीच प्रिन्स होती, रंग तोच, फक्त मणी खरा. पहिल्याच सकाळी इंडिकेटर मध्येच थबकला. मला वाटलं दगड. दगड हलायला लागला तेव्हा कळलं. मासा ओल्या हाताने धरून सोडून दिला. गळाची काटेरी टोकं मी आधीच पक्कडीने दाबून ठेवतो, तुम्हीही दाबा.

जाता जाता, जड फ्लाय टाकताना लूप, म्हणजे हवेतला लाइनचा वळसा, मोठा आणि सावकाश ठेवा. मणी रॉडच्या टोकाला लागला तर कार्बनला बारीक चीर जाते आणि पुढच्या माशाला रॉड मोडतो. माझा एक गेला. सराव इथे मैदानावर सकाळी फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून करा, गॉगल लावूनच. आणि आपल्या मे महिन्यात लाइन आणि लीडर (तिच्या पुढचा निमुळता दोरा) गाडीच्या डिक्कीत विसरू नका, ऊन सगळं खराब करतं.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, त्यामुळे तुमच्याकडे आता सप्टेंबर-ऑक्टोबर आहे. पाणीही तेव्हा निवळतं. पण नवीन काही मागवण्याआधी मणी तोलून या, आणि किती मिमीचे, किती नग, किती ग्रॅम भरले ते इथे लिहा. पितळ आहे की नाही ते लगेच सांगतो.