मुलाचा प्रकल्प किनाऱ्यावर, मार्गदर्शक पुण्यात. संमतीपत्रावर सही करण्याआधी काय बघावं?

तुमचा मुलगा नववीत, गाव राजापूरकडे, प्रकल्प कातळावरची कालवं आणि खेकडे मोजायचा. बाई पुण्याहून फोनवर मार्गदर्शन करणार, आणि तुमच्यापुढे सहीसाठी कागद आलाय. मी रत्नागिरी तालुक्यात विज्ञान शिकवतो आणि असे प्रकल्प फोनवरून चालवलेत. त्या कागदाचं मला फार कौतुक नाही. 'पालकांच्या देखरेखीखाली' असं त्यात छापलेलं असतं, आणि पालक त्या वेळी बागेत असतात नाहीतर बाजारात.

माझीच चूक सांगतो. आठवीतली मुलगी, पौर्णिमेचा दिवस. भरती-ओहोटीचा तक्ता बघून मी कळवलं, 'ओहोटी ५.४० ला.' ती बरोबर ५.४० ला पोचली. म्हणजे पाणी वळायची जी वेळ, ती तिने काम सुरू करायची वेळ धरली. मी सांगितलंच तसं होतं. ती मोजणीची चौकट कातळावर टाकून वाकून शिंपले मोजतेय, धाकटा भाऊ टॉर्च धरून उभा. पाणी समोरून आलं नाही, मागच्या घळीतून आलं. कड्याखाली रेंज नाही. पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, टाकायला आलेल्या एका काकांनी दोघांना कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आणलं. मला दुसऱ्या दिवशी मेसेज आला: 'सर, चौकट वाहून गेली, नवीन करू का?'

तेव्हापासून मी आधी परत फिरायची वेळ ठरवतो. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि पाणी तळाला गेलं की निघायचं, मोजणी अर्धी राहिली तरी. भरती पहिल्या तासात रेंगाळते, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात चढते, म्हणून 'अजून वेळ आहे' असं पोरांना हमखास वाटतं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे ओहोटी येते सकाळ-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. संध्याकाळची धरली तर परतताना काळोख. अष्टमीच्या आसपास, भांगाला म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, ती दुपारकडे येते. पाणी कमी उतरतं, पण नववीच्या मोजणीला तेवढं पुरतं. टोपी आणि पाणी मात्र द्या. पावसाळ्यात किनारा नकोच, तेव्हा घरी बसून नोंदी लिहू दे.

पायात जुने बूट हवेत, चप्पल नाही. कालवांच्या कडा पात्यासारख्या लागतात. वर सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, वाट असेल तर जांभ्याचे दगड हाताने उलटायचे नाहीत, खाली फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असू शकतं. चावलंच तर चिरणं, आवळून बांधणं काही नको. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. कुठल्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस असते ते आजच विचारून ठेवा.

घरी नमुने धुताना ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन सुटतो. बंद न्हाणीत तर फारच वाईट.

आणि बाईंना कातळाचा व्हिडिओ पाठवा, भरतीचा एक, ओहोटीचा एक. पुण्यात बसून त्यांना ती घळ दिसणार नाही. सोबत कोण जाणार त्याचं नाव कागदावर लिहायला लावा. पोहता येणारं मोठं माणूस हवं, धाकटा भाऊ चालणार नाही.