आवरलेलं कपाट पंधरा दिवसांत पुन्हा का विस्कटतं?

“मॅडम, कपाटासाठी समुपदेशकाकडे आलेली मी पहिलीच असेन ना?” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं.

पहिल्या नव्हत्या. घरातल्या कुरबुरी, थकवा, मुलांशी उडणारे खटके असं काहीबाही घेऊन येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात तिसऱ्या-चौथ्या भेटीत कपाट येतंच. दार उघडलं की कपडे अंगावर येतात, रविवारी आवरावं तर दोन रविवारांत परत तेच, आणि मग ठरलेलं वाक्य, “माझ्यातच काहीतरी कमी आहे.” या बाईंनी सुरुवातच तिथून केली, एवढंच.

राहायला ठाण्यात, नोकरी बँकेत, वय ४७. (त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरात नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. निमित्त मुलीच्या बोलण्याचं झालं होतं. ऑफिसला निघायच्या घाईत एक ब्लाऊज सापडेना, त्यापायी अख्खा कप्पा पलंगावर उपसला गेला, आणि मुलगी म्हणाली, “आई, तुला ते होर्डिंग झालंय. मी व्हिडिओ बघितलाय.” मुलगी बोलून गेली. आईच्या डोक्यात ते आठवडाभर घोळत राहिलं.

ही भीती मला वरचेवर ऐकू येते, म्हणून आधी तिच्याबद्दल. होर्डिंग डिसऑर्डर हा विकार खरोखर आहे. २०१३ साली डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी तो मंत्रचळाच्या (ओसीडीच्या) खात्यात धरला जायचा. वस्तू कवडीमोलाची असली तरी टाकताना जीव कासावीस होतो, आणि साठत साठत घरातल्या वापरायच्या जागाच बुजून जातात. ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही. असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडेच जायला हवं. मी बाईंना विचारलं, “स्वयंपाकघर कसं असतं तुमचं?”

“तिथे सगळं जागच्या जागी. डब्यांना लेबलं लावलीत मी.”

मग हा विकार नव्हे, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. आळसही नव्हे. आळशी बाई हळदीच्या डब्याला लेबल लावत नाही.

इथे माझी एक चूक झाली. मी त्यांना नेहमीचा सल्ला दिला: रविवारी कपाट पूर्ण रिकामं करा, पलंगावर ढीग घाला, ठेवायचे आणि द्यायचे असे दोन भाग करा. बऱ्याच जणींना हे जमतं. यांनी सकाळी ११ वाजता घातलेला ढीग रात्री साडेदहाला तसाच होता आणि त्या त्याच्याशेजारी बसून होत्या. नवरा म्हणाला, “अगं, झोपायचं कुठे आता?” त्यावरून वाजलं, आणि मध्यरात्री सगळं हाताला येईल तसं कोंबलं गेलं. पुढच्या भेटीला आल्या त्या रडतच. मी आधीच ओळखायला हवं होतं. प्रत्येक कपड्यापाशी एक निर्णय घ्यावा लागतो. अडीचशे कपडे असतील तर एका दिवसात अडीचशे निर्णय, आणि त्यातले निम्मे मनाला चिकटलेले. त्या दमल्या नसत्या तरच नवल.

दुसऱ्या वेळी काही काढायला लावलं नाही. मोबाइलवर उघड्या कपाटाचा फोटो काढून आणायला सांगितलं, आणि आम्ही दोघींनी मिळून नुसतं बघितलं. सगळ्यात वर आईच्या साड्या. त्याखाली, बरोबर डोळ्यांसमोर, आहेरात आलेल्या साड्या, अजून प्लास्टिकच्या पिशव्यांत. हँगरवर दहा वर्षांपूर्वीचे, आता न होणारे ड्रेस. मधे घरच्यांचे स्वेटर आणि चादरी. आणि रोज ऑफिसला घालायचे कपडे? सगळ्यात खालच्या कप्प्यात, एकावर एक पंचवीस. खालचा ओढला की वरचे पाच घसरणारच.

फोटोकडे बघत त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्या कपाटात मलाच जागा नाही.”

तर हे आहे उत्तर, “कितीही आवरलं तरी टिकत का नाही?” या प्रश्नाचं. घडी घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नसेल. पण वर्षातून एकदा लागणाऱ्या, किंवा कधीच न लागणाऱ्या कपड्यांना उत्तम जागा आणि रोजच्यांना अडगळ, अशी वाटणी असेल तर कपाट पंधरा दिवससुद्धा टिकणार नाही. त्या आठवड्यात त्यांनी एकच काम केलं. न होणारे ड्रेस एका मोठ्या पिशवीत घालून पलंगाखाली सरकवले, आहेराच्या साड्या खाली गेल्या, रोजचे कपडे हँगरवर आणि डोळ्यांसमोर आले. काहीच टाकलं नाही, कुणाला दिलं नाही. पाऊण तास लागला. महिनाभरानंतरही रोजचा कप्पा जसाच्या तसा होता.

उरलेल्या तीन ढिगांना मात्र वर्ष गेलं.

आहेराचं त्यातल्या त्यात सोपं. साड्या बावीस होत्या. आवडत नव्हत्या, पण “नणंदेनं विचारलं, मी दिलेली नेसलीस का, तर?” ही धास्ती. शिवाय आलेली साडी पुढे आहेरात द्यावी तर कुणाची कुणाला जाईल याचा नेम नाही. आम्ही चिठ्ठीची पद्धत ठरवली: साडी घरात आली त्याच दिवशी कुणी दिली आणि कुठल्या कार्यात, हे लिहून घडीत घालायचं. दोन वर्षांत नेसली नाही तर ती पुढे द्यायला मोकळी. देणाऱ्याचं प्रेम त्या कार्याच्या दिवशीच पोचलेलं असतं, असं मला मनापासून वाटतं. जुन्या बावीसपैकी सात उरल्या.

आईच्या साड्या चौदा. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून पिशवी डांबरगोळ्या घालून बांधून ठेवलेली, एकदाही न उघडलेली. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “उघडली की आईचा वास जाईल.”

मी त्यांना त्यातली एक, कुठलीही, घेऊन या म्हटलं. जांभळी रेशमी नारायणपेठ आणली त्यांनी. माझ्या टेबलावर पिशवी सोडली, साडी नाकाशी नेली आणि तशाच थांबल्या. नुसता डांबरगोळ्यांचा वास. मग हळूहळू उलगडायला लागल्या. तिसऱ्या घडीवर बोट आरपार गेलं. घडीच्या रेषेवर साडी वीतभर विरली होती. पदराच्या आतल्या बाजूला आईनं लावलेली पिन तशीच राहिलेली, गंजून तिच्याभोवती रुपयाएवढा तपकिरी डाग. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “मी तर जपत होते.”

त्या भेटीत कपाटाविषयी आम्ही एक शब्द बोललो नाही. आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोललो, मार्च महिन्याच्या गडबडीत बँकेतून निघायला उशीर झाला त्या संध्याकाळबद्दल बोललो. गेलेल्या माणसाला मनातून सोडून द्यायला हवं, असं एकेकाळी दुःखाविषयी सांगितलं जायचं. पण १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी मांडलं की नातं सुटत नाही, ते रूप बदलून चालू राहतं, आणि त्यात गैर काही नाही. माझा अनुभवही तोच आहे. म्हणून “जुनं देऊन टाका, मोकळ्या व्हा” असा सल्ला मी कुणाला देत नाही. मी फक्त विचारते, हे कसं राहिलं तर तुम्हाला आई जवळ वाटेल? तीन महिन्यांनी त्यांचं ठरलं. पाच साड्या स्वतःला, चार मावशांना, सुती होत्या त्यांची गोधडी. विरलेल्या नारायणपेठेचे काठ काढून घेतले.

यातून वर्षाचं वेळापत्रक जुळत गेलं. बाईंना तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. म्हणून होळीनंतर स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून वर. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं आणि खळ घातलेले कपडे धुऊन खळ काढून टाकायची, कारण कसर त्या खळीवरच जगते. ठाण्या-मुंबईकडे जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे दमट कपडा “आत वाळेल” म्हणून ठेवला की बुरशी ठरलेली. नवरात्राआधी घर आवरायची आपली रीत आहेच, पण रेशमी साड्या बाहेर काढायला कोजागरीपर्यंत थांबावं. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खातं ८ ऑक्टोबर धरतं. तेव्हा साड्या सावलीत, वाऱ्यावर पसरायच्या (थेट उन्हात रंग उडतो), घड्यांच्या रेषा बदलायच्या आणि प्लास्टिकऐवजी मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळायच्या. डांबरगोळ्या जरीला चिकटून नकोत. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या कपड्यांत मुळीच नकोत. जी-६-पीडी या, रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या त्या पेशी त्यातल्या नॅफ्थलीननं फुटू शकतात, आणि ही कमतरता आहे हे बऱ्याच घरांत माहीतही नसतं.

राहिली पलंगाखालची पिशवी. थायरॉइडनंतर अंग वाढलं, आणि ते ड्रेस रोज सकाळी हँगरवरून जणू जाब विचारायचे. ते नजरेआड झाल्यावरच त्यांची सकाळची चिडचिड कमी झाली, हे त्यांच्या नवऱ्यानं मला सांगितलं. वस्तू आपली झाली की आपल्या लेखी तिची किंमत वाढते, हे काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली कॉफीच्या साध्या मगांवर प्रयोग करून दाखवलं होतं: ज्यांना तो मग मिळाला होता ते लोक विकताना जी किंमत मागत होते, ती घेणारे देत होते त्याच्या दुपटीहून जास्त होती. म्हणून त्यांना प्रश्न दिला होता तो असा: हा ड्रेस आज दुकानात दिसला, तर आजच्या अंगासाठी विकत घ्याल का?

पुढच्या होळीला त्यांनी पिशवी उघडली. एक सोडून सगळे ड्रेस घरकामाच्या मावशींच्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना गेले, आधी विचारून. ठेवला तो मरून चुडीदार, बढतीचं पत्र मिळालं त्या दिवशीचा.

“मॅडम, हा मला होत नाही, होणारही नाही. पण राहू दे.”

“राहू दे,” मी म्हटलं. “कुठे ठेवलाय?”

“आईच्या साड्यांजवळ, मलमलीत. कोजागरीला त्यालाही वारं दाखवीन.”