साताऱ्याची सासू, बागलकोटची सून

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे. मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. तिथेच त्याने बागलकोटच्या मुलीशी लग्न ठरवलं. मुलगी मला मनापासून आवडली. पण जाऊबाई, नणंदा, सगळ्यांचं एकच पालुपद : 'परमुलखातली कानडी मुलगी, आपलं वळण तिला कसं यायचं?' आता माझंही मन खातंय. दोन राज्यांत सारखं असं काही असतं का हो? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने सून शोधली ती तुमच्याच नदीकाठची. संगम माहुलीला तुम्ही ज्या कृष्णेला हात जोडता, तीच कराड, सांगली करत कर्नाटकात उतरते आणि आलमट्टीच्या धरणात साठते. त्या धरणाच्या फुगवट्यात जुन्या बागलकोटचा मोठा भाग गेला, माणसांना उठून नवनगरात संसार मांडावे लागले. कोयनेच्या पाण्याखाली घरदार गेलेली माणसं तुमच्या जिल्ह्यातही आहेत. व्याह्यांशी काय बोलावं असा प्रश्न पडला, तर इथून सुरुवात करा. भाषा अडणार नाही.

मी दक्षिण सोलापूरची, भीमाकाठची. माझी आजी नदीपलीकडच्या इंडी तालुक्यातून 1952 साली लग्न होऊन आली. तेव्हा सोलापूर आणि विजापूर दोन्ही मुंबई राज्यातच होते. 1 नोव्हेंबर 1956 ला विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला (बागलकोट तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं) आणि आजीचं माहेर एका दिवसात परराज्य झालं. ती मात्र शेवटपर्यंत 'नदीपल्याड जाऊन येते' एवढंच म्हणायची.

तिची एक इरकल माझ्याकडे आहे. इरकल म्हणजे इलकल, हे गाव बागलकोट जिल्ह्यातलं. पदर जिथे साडीच्या अंगाला मिळतो, तिथे आजी माझं बोट धरून फिरवायची. तिथे बारीक उंचवटा लागतो. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा लाल रेशमी ताणा वेगळा, आणि विणकर एकेका धाग्यात फास अडकवून दोन्ही जोडतो. तुमच्याही सासूबाईंच्या ट्रंकेत एखादी इरकल असेलच, काढून बघा. आणि देवीची ओटी भरताना आपण जो खण ठेवतो, त्याचं नावाजलेलं गाव गुळेदगुड्ड, तेही सुनेच्याच जिल्ह्यात!

जेवणाची काळजी तर करूच नका. सह्याद्री पावसाचे ढग अडवतो, म्हणून तुमचं माण-खटाव कोरडं आणि तिचं बागलकोटही कोरडं. कमी पावसात, काळ्या रानात येते ती ज्वारी. तिच्याकडे तिची 'जोळद रोट्टी' होते, आपल्याकडे भाकरी. आपलं भरलं वांगं तिकडे 'एण्णगायी', आणि शेंगदाण्याची चटणी दोन्हीकडे हवीच. भाकरी थापताना तिचा हात बघा, मग वळणाचं बोलू.

तिच्या तोंडून 'तुप्प' ऐकलंत तर ते आपलंच तूप. आपली चिल्लर त्यांची 'चिल्लरे'. अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द आपण कानडीतूनच घेतले आणि इतके वापरले की विसरून गेलो. माझ्या तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर कुडल गाव आहे, तिथला मराठी शिलालेख 1018 सालचा. बागलकोट जिल्ह्यात कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर कुडलसंगम आहे, तिथे बसवेश्वरांचं ऐक्यस्थान, म्हणजे समाधी, आहे. 'कूडल' म्हणजे कानडीत संगम. हेच बसवेश्वर आपल्या मंगळवेढ्यात कारभारी म्हणून राहिले होते. आणि 634 सालचा ऐहोळेचा शिलालेख, तोही त्याच जिल्ह्यातला, सांगतो की बदामीचा पुलकेशी 99,000 गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चा राजा झाला.

सगळंच सारखं आहे असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. तुमच्याकडे काळा कातळ, बदामीला तांबडा वालुकाश्म. तिथले डोंगर बघून तुम्हाला खरोखर परक्या मुलखात आल्यासारखं वाटेल. सीमाप्रश्नाचं दुखणंही खरं आहे, त्यावर घरात कधी आवाज चढेल. भाषेचं म्हणाल तर शब्द कितीही सारखे असोत, कानडी वाक्य आपल्याला कळत नाही. ती मराठी शिकेलच, तुम्हीही थोडी कानडी शिका. सुरुवात 'ऊट आतेन?' पासून करा, म्हणजे 'जेवण झालं का?' माझ्या आजीला सासरी हे कुणी कानडीत विचारलं नाही, याची खंत तिने मला म्हातारपणी बोलून दाखवली होती.

एक राहिलं. कानडीत सासूलाही 'अत्ते' आणि आत्यालाही 'अत्ते'. सासऱ्याला 'माव', मामालाही 'माव'. तुमच्याकडच्या खेड्यांतल्या जुन्या सुना सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात ना? आते-मामे भावंडांची लग्नं दोन्हीकडे होत आली, त्यातूनच ही हाक आली आहे. उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आल्यावर सून तुम्हाला 'अत्ते' म्हणेल, तेव्हा जाऊबाईंना जवळ उभं करा.