मेकॅनिकल अभियंत्याचे शिक्षण आणि कारखान्यातील वाटचाल

मेकॅनिकल शाखेचे तिसरे वर्ष संपत असताना तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. महाविद्यालयात शिकवलेल्यापैकी कारखान्यात खरोखर काय उपयोगी पडते, पहिली नोकरी उत्पादनात घ्यावी की डिझाइनमध्ये, आणि पदव्युत्तर शिक्षण पदवीनंतर लगेच घ्यावे का. मी या क्षेत्रात २८ वर्षे आहे. पहिली ४ वर्षे मशीन शॉप आणि असेंब्लीत गेली, मग २ वर्षे पदव्युत्तर शिक्षण झाले, पुढे बराच काळ पंप, ब्लोअर आणि गिअरबॉक्स यांच्या डिझाइनमध्ये काढला आणि गेली काही वर्षे मोडलेल्या यंत्रभागांची तपासणी हेच माझे मुख्य काम आहे. त्यामुळे उत्तरही त्याच अनुभवातून देत आहे.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. परीक्षेतील गणितात एक शाफ्ट, म्हणजे फिरणारा दंड, १४५० आरपीएमवर (मिनिटाला १४५० फेऱ्यांवर) १५ किलोवॅट शक्ती वाहून नेतो असे दिलेले असते. तुम्ही टॉर्क, म्हणजे शाफ्टला पिळणारा जोर, काढता, तो सुमारे ९९ न्यूटन-मीटर येतो, सुरक्षा गुणांक धरता आणि व्यास ठरवता. कारखान्यात हीच आकडेमोड करावी लागते, पण ‘दिलेले आहे’ हा भाग कोणी देत नाही. पट्टा किती ताणून बसवला आहे, मोटर दिवसातून किती वेळा बंद-चालू होते, ड्रॉइंगवर लिहिलेली कोपऱ्याची गोलाई प्रत्यक्षात तेवढी निघाली आहे का, हे सगळे आपण जाऊन शोधायचे असते. शिवाय महाविद्यालयात विषय वेगवेगळे शिकवले जातात, आणि बिघाड मात्र सगळे विषय एकत्र घेऊन समोर येतो. हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून एक प्रसंग सविस्तर लिहितो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, पट्ट्यावर चालणाऱ्या एका पंपाचा शाफ्ट ८ महिन्यांत तीनदा तुटला. प्रत्येक वेळी तो एकाच ठिकाणी तुटे. ४० मिलिमीटर व्यासाच्या बेअरिंगच्या जागेलगत जो ४८ मिलिमीटरचा खांदा, म्हणजे शाफ्ट जिथे एकदम जाड होतो ती पायरी, होता, बरोबर त्याच्या मुळाशी. दुसऱ्या वेळी अधिक मजबूत पोलाद वापरले गेले, तिसऱ्या वेळी त्याहून मजबूत, आणि तरीही शाफ्ट जवळजवळ तितकाच टिकला. तिसरा तुकडा मी हातात घेऊन खिडकीपाशी नेला. तुटलेल्या पृष्ठाचा बहुतेक भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा होत्या. फक्त एका बाजूला लहानसा, खरखरीत भाग होता. फटीगची, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराने तडा हळूहळू वाढत जाऊन तुटण्याची, ही खूण मी परीक्षेत आकृतीसह लिहून आलो होतो, पण प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. शेवटी एकदम तुटलेला खरखरीत भाग लहान असणे याचा अर्थ शाफ्टवरचा एकूण भार फार नव्हता. म्हणजे प्रश्न पोलादाच्या ताकदीचा नव्हता, त्या एका कोपऱ्यात ताण कुठून एकवटतो याचा होता.

ड्रॉइंगवर खांद्याच्या मुळाशी २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दाखवलेली होती. तुकड्यावर रेडियस गेज लावून पाहिले, तर ती जेमतेम ०.४ मिलिमीटर भरली, म्हणजे लेथच्या टूलच्या टोकाची जी त्रिज्या असते तेवढीच. अशा धारदार कोपऱ्यात वाकण्याचा ताण साध्या सूत्राने येणाऱ्या आकड्याच्या अडीचपटीहून अधिक चढतो, २ मिलिमीटरची गोलाई असती तर तो दुपटीच्या आत राहिला असता. शिवाय अधिक मजबूत, अधिक कठीण पोलाद अशा खाचांबाबत जास्त हळवे असते, म्हणून पोलाद बदलून काही साधले नव्हते. मी लगेच निष्कर्ष काढला की लेथवरच्या कारागिराने निष्काळजीपणा केला. सुदैवाने, तसे लिहून देण्याआधी त्यांना विचारायला गेलो. त्यांनी शांतपणे एक नवे बेअरिंग आणि २ मिलिमीटर गोलाईचा एक शाफ्ट आणून दोन्ही माझ्या हातात दिले आणि बसवून पाहायला सांगितले. बेअरिंग खांद्याला टेकलेच नाही. त्या बेअरिंगच्या आतल्या रिंगची कडा साधारण १ मिलिमीटरपर्यंतचीच गोलाई सामावून घेत होती. ड्रॉइंगच चुकलेले होते. असेंब्लीवाल्यांनी शाफ्ट परत पाठवले होते आणि कारागिराने बेअरिंग नीट बसावे म्हणून कोपरा काटकोनात आणून दिला होता. त्यांच्या बाजूने ते काम चोख होते.

उपाय साधा निघाला. खांदा आणि बेअरिंग यांच्यामध्ये आतून तिरकी कड असलेली एक रिंग घातली, त्यामुळे गोलाई मोठी ठेवूनही बेअरिंगला टेकायला सपाट जागा मिळाली. त्यानंतर तो शाफ्ट पुन्हा तुटला नाही. आता पाहा, या एका तुकड्यात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स होते, मेटलर्जी होती, मशीन डिझाइन होते, ड्रॉइंग होते, बेअरिंगचा कॅटलॉग वाचणे होते आणि कारागिराशी नीट बोलणे होते. आम्हा चार विभागांपैकी प्रत्येकाने आपापल्या विषयात बरोबर वागून यंत्र तीनदा बंद पाडले होते. हा प्रश्न नवा नव्हता, हेही पुढे समजले. ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या तुटणाऱ्या अ‍ॅक्सलवर १८५० ते १८७० च्या दरम्यान केलेल्या प्रयोगांतूनच फटीगचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, आणि आडव्या अक्षावर भाराची आवर्तने व उभ्या अक्षावर ताण दाखवणारा जो आलेख तुम्ही आज काढता, त्याची मुळे तिथेच आहेत.

म्हणून कोणते विषय पक्के करावेत असे विचाराल तर माझा क्रम असा आहे. सर्वांत आधी स्टॅटिक्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, इतके पक्के की फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे भाग सुटा दाखवून त्यावरची सर्व बले मांडणारी आकृती, काढताना विचार करावा लागू नये. मग ड्रॉइंग आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक), मग मटेरियल सायन्स आणि हीट ट्रीटमेंट, मग यंत्रांचे गतिशास्त्र. संख्याशास्त्राकडे आपल्या शाखेतील मुले दुर्लक्ष करतात, पण एकाच यंत्रावर निघालेले १०० भाग एकमेकांपासून किती वेगळे असतात हे समजून घ्यायला दुसरे साधन नाही. वॉल्टर शूहार्ट यांनी त्यासाठी १९२४ मध्ये मांडलेला कंट्रोल चार्ट, म्हणजे वेळोवेळी घेतलेली मापे मर्यादारेषांसह दाखवणारा आलेख, आजही कारखान्यांत भिंतीवर लागलेला दिसतो.

द्रव आणि उष्णता यांचे विषय तुम्ही कोणत्या उद्योगात जाता त्यावर कमी-अधिक लागतील. तरी एक उदाहरण देतो. पंपाचा वेग २० टक्क्यांनी कमी केला की लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, हे वाक्य सर्वांना पाठ असते. पण नळातील घर्षणावरच मात करायची असते तेव्हा ते खरे ठरते. पाणी मोठ्या उंचीवर चढवायचे असेल तर वेग तेवढा कमी केल्यावर पंप फिरत राहतो आणि वर पाणी पोहोचतच नाही. सूत्र कोणत्या गृहीतकांवर उभे आहे ते आठवणे, हाच शिक्षणाचा कामी येणारा भाग आहे.

आता दुसरा प्रश्न. माझे स्पष्ट मत आहे की पुढे डिझाइनमध्ये जायचे असले तरी पहिली दोन वर्षे मशीन शॉप, असेंब्ली किंवा मेंटेनन्स यांपैकी एका ठिकाणी काढावीत. ४० मिलिमीटरच्या छिद्रावर एच७ लिहिणे म्हणजे ते छिद्र नेमक्या मापापासून जास्तीत जास्त २५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठे चालेल असे सांगणे, हे तक्त्यातून कळते. पण त्यात किंचित लहान मापाचा जी६ शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर हाताने सरकतो आणि किंचित मोठ्या मापाच्या पी६ शाफ्टला प्रेस लागतो, हे एकदा हातांनी अनुभवले की पुढे ड्रॉइंगवर उगाच घट्ट टॉलरन्स लिहिताना हात आपोआप थांबतो. असेच एकदा ५०० मिलिमीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग मशीनवरून उतरताच मोजून मी तो बरोबर असल्याची नोंद केली होती. तपासणी विभागातील एका ज्येष्ठांनी तो मोजमाप कक्षात चार तास ठेवून पुन्हा मोजायला लावला, तेव्हा तो सुमारे ०.१७ मिलिमीटर आखूड निघाला. मापे २० अंश सेल्सिअसला धरायची असतात आणि तो भाग उतरला तेव्हा ३५ अंशांच्या आसपास होता. पोलादाचा असता तर फरक साधारण निम्मा पडला असता. प्रसरणाचे सूत्र मला शाळेपासून येत होते, ते या प्रसंगी सुचले नाही एवढेच.

अर्थात, उत्पादनातील नोकरीत माणूस केवळ रोजचा आकडा गाठण्यात अडकून पडू शकतो, हा धोका खरा आहे. त्यावर मला उपयोगी पडलेली सवय म्हणजे वही. रोज एक तरी नाकारलेला भाग पाहायचा, त्याचे रेखाटन करायचे, तो का नाकारला आणि तसे का झाले असावे हे स्वतःच्या शब्दांत लिहायचे. त्या वह्या मी आजही उघडतो. जिथे शाफ्ट किंवा कास्टिंग मुळीच पाहायला मिळणार नाही आणि फक्त दुसऱ्यांचे ड्रॉइंग संगणकावर पुन्हा काढायचे आहे, अशी डिझाइनची पहिली नोकरी मात्र शक्यतो घेऊ नका.

पदव्युत्तर शिक्षणाबद्दल माझा अनुभव असा की, ते मी स्वतःचा एक प्रश्न घेऊन केले म्हणून मला लाभले. एका ब्लोअरचे रोटर आम्ही दोनदा बॅलन्स करून बसवले, तरी एका ठरावीक वेगाला सगळी चौकट थरथरत असे. वेग थोडा वर-खाली केला की थरथर नाहीशी होई. रोटरमध्ये दोष नव्हता. चौकटीची स्वाभाविक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपोआप ज्या गतीने थरथरते ती, त्या वेगाशी जुळत होती आणि चौकटीला आडवे आधार देऊन ती बदलणे एवढाच उपाय होता. हे तेव्हा आम्हाला बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने सांगितले, आणि आपल्याला ते का सुचले नाही, या अस्वस्थतेतून मी कंपनशास्त्र शिकायला गेलो. वर्गातले प्रत्येक समीकरण मला त्या ब्लोअरपाशी नेत असे. तुम्हाला संशोधनात, टर्बाइनच्या क्षेत्रात किंवा प्रवाहाच्या संगणकीय विश्लेषणात जायचे असेल, तर पदवीनंतर लगेच जावे, कारण तिथे पदव्युत्तर शिक्षण ही पहिलीच पायरी असते. केवळ अजून काही ठरलेले नाही म्हणून जाणार असाल, तर दोन-तीन वर्षे काम करून जा.

सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण मुलाखती घेताना मला जे वारंवार दिसते ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. फायनाइट एलिमेंटचे, म्हणजे भागाची बारीक जाळी पाडून संगणकावर ताण काढण्याच्या पद्धतीचे, रंगीत चित्र सुंदर दिसते, आणि अगदी टोकदार आतल्या कोपऱ्यात जाळी जसजशी बारीक कराल तसतसा ताणाचा आकडा वाढतच जातो, कुठे थांबतच नाही, हे अनेक उमेदवारांना माहीत नसते. ते तो आकडा खरा समजून भाग जाड करत बसतात. उलट त्याच चित्रात कोपऱ्याला खरी गोलाई दिली की आकडा स्थिरावतो. मी उमेदवाराला आधी कागदावर एका टोकाला घट्ट बसवलेली आणि मोकळ्या टोकावर भार असलेली तुळई काढायला सांगतो आणि लांबी दुप्पट केली तर टोकाचा झोल किती वाढेल ते विचारतो. आठपट, हे उत्तर कारणासह आले की पुढचे बोलणे सुरू होते.

आठ-दहा वर्षांनी वाट दुभंगते. काही जण माणसे आणि खर्च सांभाळण्याकडे वळतात, काही जण एका विषयात खोल जातात. दोन्ही कामे मोलाची आहेत आणि कोणते जमते ते तोवर स्वतःला कळलेले असते. मात्र दोन्ही वाटांवर एक गोष्ट येतेच, ती म्हणजे दुसऱ्याने सुचवलेल्या बदलावर सही करणे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९८१ मध्ये एका हॉटेलातील टांगते पूल कोसळून ११४ माणसे गेली. मूळ रचनेत दोन मजल्यांचे पूल एकाच सलग दांड्यांवर टांगायचे होते. बांधणीच्या सोयीसाठी त्या दांड्यांचे दोन तुकडे करून खालचा पूल वरच्या पुलाला लटकवला गेला, आणि वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. हे काम आपल्या शाखेचे नव्हे, स्थापत्याचे होते, आणि मूळ रचनेतही तो जोड नियमानुसार पुरेसा नव्हता. पण त्या जोडाचा फ्री बॉडी डायग्राम काढला असता तर भार दुप्पट झाल्याचे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसले असते. माझ्यासमोर बदलाचा कागद येतो तेव्हा मी आजही पेन्सिलने ती आकृती काढतो आणि मगच सही करतो.

राहिला तुमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा विषय. नवे यंत्र बनवण्याऐवजी एखादा तुटलेला किंवा झिजलेला खरा भाग मिळवा. जवळच्या कोणत्याही दुरुस्ती कार्यशाळेत बेअरिंग, गिअर, शाफ्ट असे भाग टाकून दिलेले असतात आणि नीट विचारले तर लोक आनंदाने देतात. त्याची मापे घ्या, ड्रॉइंग काढा, कठीणपणा तपासा, तुटलेल्या पृष्ठाची छायाचित्रे काढा, त्यावर कोणता भार येत असावा याचा हिशेब मांडा, आणि तो ज्यांनी बनवला किंवा वापरला त्यांच्यापैकी निदान एकाशी बोला. मात्र त्याचे तुटलेले पृष्ठ ब्रशने घासू नका आणि दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहू नका, कारण सगळी माहिती त्या पृष्ठावरच असते आणि ती एका घासण्यात नाहीशी होते.