प्रार्थना करूनही भीती जात नाही, म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

जय ख्रिस्त, ताई. तुम्ही लिहिलंय की बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत यजमानांचं काम आठवड्याला तीन दिवसांवर आलंय, घर मलप्रभेच्या काठाला आणि पावसाळा तोंडावर, बुधवारची घरची प्रार्थना चालू ठेवावी की नको हे कळत नाही. रोज प्रार्थना करूनही रात्री दोनला जाग येते. कोणतं वचन वाचू, आणि माझा विश्वास कमी पडतोय का, असं विचारलंय.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो तुमचा नाहीच. कुणीतरी तो तुमच्या डोक्यात घातलाय. भीती म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे पाप, असं शिकवणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. त्यांनी पवित्र शास्त्र अर्धंच वाचलंय, हे मी त्यांना तोंडावर सांगत आलोय.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढा. विश्वासाचा अध्याय म्हणून सगळे तोच सांगतात. त्याच्या सातव्या ओवीत नोहा आहे. न दिसलेल्या गोष्टींची सूचना मिळाल्यावर त्याने भय धरलं आणि विश्वासाने तारू बांधलं. भय आणि विश्वास एकाच ओवीत, एकाच माणसात. भ्यालेल्या नोहाला तिथे कुणी रागावत नाही. आता योहानाच्या पहिल्या पत्रातलं ‘प्रीतीत भीती नसते’ हे वाक्य घ्या. घाबरलेल्या बाईच्या तोंडावर हेच मारतात. पण ते चौथ्या अध्यायाच्या अठराव्या ओवीत आहे, आणि सतराव्या ओवीत न्यायाच्या दिवसाचा विषय चाललाय. म्हणजे देव मला शिक्षा करील, ही ती भीती. पगार अर्धा आला, नदी चढली, याबद्दल तिथे अक्षर नाही. सतरावी ओवी गाळून अठरावी सांगणं हा तुमच्यावर अन्याय आहे.

आणि गेथशेमाने बाग, प्रभूला धरून नेलं त्या रात्रीची? प्रभू स्वतः व्याकूळ झाला, तिघांना सोबत घेतलं, ‘जागे राहा’ म्हणाला, आणि तीच प्रार्थना तीन वेळा केली. मत्तयाने तर मुद्दाम लिहून ठेवलंय की तिसऱ्यांदाही शब्द तेच होते. त्यामुळे तुमची प्रार्थना रोज तीच होते याची लाज धरू नका.

आता रात्री दोनला काय करायचं ते.

मोबाइल हातात घेऊ नका. वचनासाठीसुद्धा नको, कारण वचन उघडेपर्यंत गटातले पंधरा मेसेज दिसतात आणि त्यातला एक पुराचा असतो. उशाला वही, पेन आणि छापील शास्त्र ठेवा. दिवा लावून उठून बसा. आडवं पडून केलेली मनातली प्रार्थना आणि काळजी, दोन्ही एकाच आवाजात चालतात. पाच मिनिटांनी कोणती कोणती तेच कळत नाही. म्हणून ओठ हलवायचे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाचे ओठच हलत होते, आवाज नव्हता, आणि एली याजकाला वाटलं ही प्यायली आहे. तेवढं पुरतं. घरचे उठणार नाहीत.

मग भीती एका वाक्यात लिहा, तारीख आणि रकमेसकट. ‘आमचं कसं होणार’ हे वाक्य चालणार नाही. ‘दहा तारखेला बचत गटाचा ३,२०० रुपयांचा हप्ता आहे, हातात १,४०० आहेत’ हे चालेल. पहिल्या वाक्याला काठच नाही. त्यावर केलेली प्रार्थनाही बिनकाठाची होते आणि उत्तर आलं तरी ओळखू येत नाही. दुसऱ्यात मागणं स्पष्ट आहे, १,८०० रुपये. मनात एकदम तीन भीती आल्या तर तिन्ही लिहा, पण त्या रात्री प्रार्थना एकीवरच करा.

मग स्तोत्र १३ उघडा. सहाच ओव्या आहेत आणि त्यांची बांधणी अशी आहे की तिच्यावर आपली प्रार्थना बसवता येते. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार, दाविदाने चार वेळा ‘कोठवर’ विचारलंय. तिसरी-चौथी मागणं. पाचवी-सहावी भरवसा. आपल्या शब्दांत ती अशी होईल: ‘प्रभू, तीन दिवसांच्या मजुरीत महिना कोठवर ओढू? हे घरात कोठवर गप्प बसून राहतील?’ मग मागणं, आणि मागण्याला कारण: ‘दहा तारखेच्या आत १,८०० ची सोय कर, नाहीतर गटातल्या बायकांपुढे माझी मान खाली जाईल.’ कारण सांगायला लाजू नका. दाविदानेही सांगितलंय, नाहीतर माझा शत्रू म्हणेल मी याला जिंकलं.

शेवटच्या भागात बहुतेकांची चूक होते. ‘तू सर्व ठीक करशील’ असं लिहून मोकळे होतात. दाविदाने तसं लिहिलेलं नाही. तो मागचं आठवतो, देवाने माझ्यावर उपकार केलेत म्हणतो. तुम्हीही मागची एकच घडलेली गोष्ट लिहा, साल घालून. ऑगस्ट २०१९ च्या पुरातून घरातली माणसं सुखरूप निघाली असतील तर तेच लिहा. चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मध्ये शत्रू गेलेला नाही, परिस्थिती बदललेली नाही. दाविद तिथेच आहे, फक्त बोलणं पुढे सरकलंय. म्हणून धडधड थांबेपर्यंत प्रार्थना ओढू नका. धडधड हे प्रार्थनेचं मोजमाप नव्हे. वीस मिनिटं झाली की आमेन म्हणा, पाणी प्या, झोपा. झोप आली नाही तरी दिवा बंद करून पडा.

यात आणखी दोन गोष्टी बिघडतात. पहिल्या ओळीपासूनच उपकारस्तुती सुरू केली की तक्रार पोटात राहते आणि तीनला पुन्हा उठवते. दुसरी म्हणजे नवस. आपल्या भागात तो हाडीमाशी खिळलाय, बाप्तिस्मा घेऊनही सुटत नाही: हे काम झालं तर एकवीस शुक्रवार उपवास करीन. देवाशी सौदा केला की भीती दुप्पट होते, कारण आता हप्त्याबरोबर उपवास चुकण्याचीही भीती. उपवास करायचा तर करा, पण अट घालून नको.

प्रार्थना ज्या भाषेत रडता त्याच भाषेत करा. उपासना कन्नडमध्ये असेल, पास्टर कन्नडमध्ये प्रार्थना सांगत असतील, ते रविवारी. रात्री दोनला मराठीच. यजमानांना ‘हेदरबेड’, म्हणजे कन्नडमधलं ‘भिऊ नको’, जवळचं वाटत असेल तर त्यांनी तेच म्हणावं. १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून कोणत्या भाषेचं कुठे चालेल हीच इथली धास्ती. देवापुढे तरी ती नको.

सोबतीला दोन माणसं पाहा. दोनच. व्हॉट्सॲपच्या गटावर प्रार्थनेचा विषय टाकला की रविवारपर्यंत गल्लीला कळतो, आणि मग भीतीत अब्रूचीही भर पडते. दोघींपैकी एक वयाने मोठी, संकटातून गेलेली असावी. ‘हे बाहेर जाऊ देऊ नका’ असं उघड सांगा, गृहीत धरू नका. आठवड्यातून एकदा वही त्यांच्यासमोर उघडायची.

आता तब्येतीबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या एका निरोपाने जीव घेऊन पळतो, रानात रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत येतो. तुझा विश्वास कुठे गेला, असं तो विचारत नाही, की उपदेशही करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाला ठेवून म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा भाकर. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर येतो, चाळीस दिवसांनी. आधी अन्न आणि झोप, मग बोलणं, हा क्रम देवाने स्वतः लावलेला आहे. तेव्हा रिकाम्या पोटी झोपू नका, संध्याकाळी पाचनंतर चहा नको, आणि भीतीच्या दिवसांत लांबलचक उपवास-प्रार्थना अंगावर घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

गोळ्यांचंही तेच. सभेत हात ठेवून प्रार्थना झाली की बीपीची, साखरेची, झोपेची गोळी बंद करायला सांगणारे फिरतात. त्याला विश्वासाचं पाऊल म्हणतात. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, पहिलं पत्र, ५:२३. त्रफिमाला तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. त्याच्यासोबत हिंडणारा लूक वैद्य होता. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला कोण धजेल? चिंतेची गोळी चालू असेल तर ती एकदम तोडल्याने धडधड, घाम, निद्रानाश उलटा वाढतो, आणि मग तेच लोक म्हणतात, सैतान अंगात आहे. गोळी कमी करायची की नाही हे ज्या डॉक्टरांनी दिली तेच सांगतील.

घरच्या प्रार्थनेचं थोडक्यात. कर्नाटकचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेने मंजूर केलं, २०२२ मध्ये कायदा झाला, जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचा निर्णय केला. आज नेमकं काय लागू आहे ते वकिलाला विचारून घ्या, ऐकीव गोष्टींवर घाबरू नका. संविधानाच्या २५व्या कलमाने धर्म पाळायचा हक्क दिलाय. बुधवार चालू ठेवा. दार उघडं ठेवा, शेजारच्या काकूंना आधी सांगा, ध्वनिवर्धक लावू नका, नऊच्या आत संपवा, आणि बरं होण्याचं किंवा पैशाचं आमिष कुणाला दाखवू नका. कुणी विचारायला आलं तर सौम्यतेने उत्तर द्या. पेत्राने पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच सांगितलंय, आणि त्याच ठिकाणी लोकांच्या भयाने घाबरू नका असंही.

पुराच्या भीतीवर हातांनी करण्यासारखं काम आहे, तेव्हा तिच्यावर नुसती प्रार्थना नको. रेशनकार्ड, आधार, घराचे उतारे, पासबुक जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. पाणी चढलं तर कुणाकडे जायचं ते आताच ठरवून त्यांना विचारून ठेवा. नोहाने तारू पाऊस पडायच्या आधी बांधलं.

कोणतं वचन? स्तोत्र ९१ छापून दारावर चिकटवायची पद्धत आहे. स्तोत्र खरं आहे, पण ते तावीज नव्हे. सैतानाने मंदिराच्या टोकावर प्रभूला हेच स्तोत्र ऐकवलं आणि उडी टाक म्हणाला. प्रभूने उडी टाकली नाही. आणि ‘भिऊ नको’ शास्त्रात ३६५ वेळा आहे, वर्षाच्या दिवसाला एक, हा मेसेज पुढे पाठवू नका. मोजलं तर तो आकडा भरत नाही.

स्तोत्र २३ पाठ करा. सहा ओव्या, चार दिवसांना एक, चोवीस दिवसांत होतं. पाठ आहे म्हणाल, पण एक गोष्ट पाहिलीत का? पहिल्या तीन ओव्यांत दाविद देवाबद्दल बोलतो: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी येते आणि ‘तो’ एकदम ‘तू’ होतो. तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना देवाविषयी बोलणं होतं, दरीत देवाशी. आणि तिथल्या दोन वस्तू पाहा, आकडी आणि काठी. रायबाग-चिकोडीकडे धनगरांची मेंढरं पाहिली असतील. आकडीने ओढायचं, काठीने लांडगं हाकायचं. दरी टळेल असं त्या ओवीत कुठेही म्हटलेलं नाही. मेंढपाळ हत्यारासकट बरोबर आहे, एवढंच म्हटलंय. तुम्ही चौथ्या ओवीपासून सुरू करा, मोठ्याने, ‘तू’ या शब्दावर थांबून. पहिल्या तीन नंतर घ्या.

एक राहिलं, आणि हे आधीच लिहायला हवं होतं. दोन आठवड्यांच्या वर झोप नसेल, जेवण जात नसेल, छाती एकदम भरून येऊन हातपाय गार पडत असतील, किंवा जगावंसं वाटत नाही असा विचार एकदाही आला असेल, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बोला. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. धारवाडला डिम्हान्स ही मनोविकारांची सरकारी संस्था आहे, बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. छातीत दुखत असेल तर मात्र ते भीतीचंच आहे असं घरी ठरवू नका, आधी दवाखान्यात दाखवा. सोबत त्या दोघींपैकी एकीला न्या.

फाउंड्रीचं काम पुन्हा सहा दिवसांवर येईल का, हे मी सांगू शकत नाही. यजमानांना मात्र वही दाखवा. त्यांनाही दोनला जाग येत असणार.